अल्बम कसा उभा राहतो: तालमीच्या खोलीतून लाँचच्या गिगपर्यंत

नऊ-दहा गाण्यांचा अल्बम काढायचा तर निदान चौदा-पंधरा गाणी बसलेली हवीत. बसलेली म्हणजे सगळ्यांना वाजवता येतात एवढंच नाही. अनोळखी लोकांसमोर एकदा तरी वाजवून झालेली हवीत. तालमीच्या खोलीत प्रत्येक गाणं चांगलंच वाटतं, कारण तिथे आवाज मोठा असतो आणि ऐकणारे आपणच असतो. गिगमध्ये, म्हणजे लोकांसमोरच्या कार्यक्रमात, दुसऱ्या कडव्याला लोक फोन काढतात तेव्हा कळतं की ते कडवं लांबलंय. आठ बारचा (बार म्हणजे ठरावीक ठोक्यांचं एक आवर्तन) इंट्रो चारवर आणायचा, ब्रिज म्हणजे मधला वेगळा भाग उडवायचा, की गाणंच यादीतून काढायचं, हे निर्णय तिथेच होतात. लहान सीनचा, म्हणजे बँड आणि श्रोत्यांच्या छोट्या वर्तुळाचा, मोठा फायदा हाच. तेच पन्नास-साठ चेहरे पुन्हा पुन्हा समोर असतात, त्यामुळे गाण्यात केलेला बदल त्यांच्या लक्षात येतो आणि ते तोंडावर सांगतातही.

यादी ठरली की प्रत्येक गाण्यासाठी एक कागद करायचा: लय किती बीपीएम (मिनिटाला किती ठोके), स्केल कोणता, आणि बारच्या हिशेबात मांडणी. लय ठरवताना गिगच्या रेकॉर्डिंगवर जाऊ नका. स्टेजवर अंगात आलेलं असतं, गाणी पाच-सात बीपीएम पळतात, आणि तीच लय हेडफोनवर ऐकली की गायकाला श्वास घ्यायला जागा उरत नाही. तालमीतली लय याच्या उलट, थोडी सुस्त असते. आम्ही दोन्हींच्या मधला आकडा धरतो आणि गायकाला वाद्यांशिवाय, नुसत्या क्लिकवर (हेडफोनमधली लयीची टिकटिक) अख्खं कडवं म्हणायला लावतो. शब्द अडखळले तर दोन बीपीएम खाली. स्केलचंही तसंच. गिटारवर ई सोयीचा पडतो म्हणून गाणं ईमध्ये बसलेलं असतं, पण कोरसचा वरचा सूर गायकाला दहाव्या टेकलाही (टेक म्हणजे एका वेळचं रेकॉर्डिंग) लागणार आहे का, हे आधी बघायचं. नसेल तर गिटार अर्धा सूर उतरवून घ्या. रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर स्केल बदलणं म्हणजे बेस आणि गिटार पुन्हा पहिल्यापासून.

क्लिक लावायचा की नाही यावरून बँडमध्ये कायम वाद होतात. नंतर टेक जोडायचे असतील, वेगवेगळ्या दिवशी वाद्यं चढवायची असतील, तर क्लिक लावा. मात्र पूर्ण गाणं एकाच आकड्याला बांधू नका. बहुतेक रॉक गाणी कोरसला नैसर्गिकपणे एक-दोन बीपीएम पुढे सरकतात. तेवढा फरक सॉफ्टवेअरच्या टेम्पो ट्रॅकमध्ये आधीच भरून ठेवला की ड्रमर क्लिकशी झगडत बसत नाही. क्लिकचा आवाजही बदलून पाहा. कर्कश बीपपेक्षा शेकरचे आठवे ठोके धरून वाजवणं पुष्कळांना सोपं जातं.

आता ड्रम. अल्बमचा आवाज कसा आहे, या प्रश्नाचं निम्मं उत्तर ड्रम कोणत्या खोलीत, कसे लावून वाजवले यात असतं. गिटारचा टोन नंतर बदलता येतो, बेसचा तर हमखास येतो. पण सिंबलच्या माइकमध्ये शिरलेली खोली बाहेर काढता येत नाही. म्हणून वेळ आणि डोकं सगळ्यात जास्त इथे खर्च करायचं.

ड्रमच्या स्किन (वरखालचे पडदे) नव्या हव्यात, पण त्या आदल्या दिवशी बसवाव्यात. नवी स्किन ताणत जाते आणि त्याच दिवशी बसवली तर दर दोन टेकनंतर सूर उतरतो. बसवताना सगळे रॉड (कडेचे ताण देणारे स्क्रू) बोटांनी घट्ट करायचे, मग किल्लीने समोरासमोरच्या जोड्या धरून अर्धा-अर्धा फेरा द्यायचा, मधोमध तळहाताने दाबून स्किन बसू द्यायची आणि पुन्हा फेरा. प्रत्येक रॉडपासून तीनेक सेंटिमीटर आत काडीने हलकेच टिचकी मारून सगळीकडे एकच सूर येतोय का ते ऐकायचं. एक रॉड जरी सैल राहिला तरी ड्रमचा आवाज डगमगत विरतो. टॉमची खालची स्किन आम्ही वरच्यापेक्षा थोडी चढी ठेवतो.

टॉम वाजवला की स्नेअर या मधल्या ड्रमच्या खालच्या तारा खुळखुळतात, ही तक्रार प्रत्येक किटवर असते. दोघांचे सूर जवळ आले की ती वाढते. टॉम एक सूर वर किंवा खाली करून बघा. तरीही थांबत नसेल तर स्नेअरच्या खालच्या स्किनवर, तारांच्या दोन्ही टोकांशी असलेले रॉड पाव-अर्धा फेरा सैल करा. पूर्ण मात्र जाणार नाही, आणि जाऊही नये. तेवढा खुळखुळाट किट जिवंत असल्याची खूण आहे. गॅफर टेप चिकटवत सुटणारे लोक शेवटी खोक्यावर थापा मारल्यासारखा आवाज घेऊन घरी जातात.

मग स्टँडचे सगळे नट, वॉशर, हाय-हॅटचा (पायाने मिटणाऱ्या सिंबलच्या जोडीचा) क्लच, किकच्या (पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमच्या) पेडलची स्प्रिंग तपासायची. पेडलचं चिरकणं जोरदार गाण्यात कुणाच्या कानावर येत नाही. हळू गाण्यात मात्र ते प्रत्येक ठोक्याआधी येतं, आणि कॉम्प्रेसर (मोठे-लहान आवाज जवळ आणणारं साधन) लावला की आणखी वर येतं. तेलाचा एक थेंब पुरतो.

माइक थोडे असतील तर रेकॉर्डिंग इंजिनिअर ग्लिन जॉन्स यांच्या नावाने ओळखली जाणारी चार माइकची पद्धत आजही सगळ्यात भरवशाची. एक माइक स्नेअरच्या बरोबर वर, साधारण मीटरभर उंच. दुसरा फ्लोअर टॉमच्या बाजूला, रिमच्या थोडा वर, हाय-हॅटकडे तोंड करून. या दोघांचं स्नेअरच्या मध्यापासूनचं अंतर अगदी सारखं हवं. टेप नसेल तर एक माइक केबल घ्या, तिचं टोक स्नेअरच्या मध्यावर धरा, पहिल्या माइकपर्यंत ताणा, तिथे चिमटीत पकडा आणि तीच लांबी दुसऱ्या माइकपर्यंत न्या. उरलेले दोन माइक किक आणि स्नेअरला. स्नेअरसाठी शूर एसएम५७ चालतो. १९६५ पासून तो बाजारात आहे आणि जवळपास प्रत्येक बँडकडे एखादा असतोच. रिमच्या वर तीन-चार सेंटिमीटर, तोंड मध्याकडे आणि पाठ हाय-हॅटकडे. पाठ महत्त्वाची. कार्डिऑइड माइक मागून सगळ्यात कमी ऐकतो, त्यामुळे हाय-हॅटची गळती तिथेच कमी होते.

अंतराचा एवढा आग्रह का? आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर. स्नेअरचा ठोका एका ओव्हरहेडला (पहिल्या दोन माइकपैकी एकाला) दुसऱ्याच्या आधी पोचला की दोन्ही एकत्र केल्यावर काही फ्रीक्वेन्सी एकमेकींना खातात आणि स्नेअर पोकळ, कागदी होतो. तपासायची रीत सोपी आहे. दोन ट्रॅक एकत्र ऐका, एकाची पोलॅरिटी उलटी करा (लहरीचं वर खाली आणि खालचं वर), आणि ज्या स्थितीत तळ भरीव वाटतो ती ठेवा. हेच किक आणि ओव्हरहेडसाठी, आणि स्नेअरच्या खालीही माइक लावला असेल तर हेच त्या वरच्या-खालच्या जोडीसाठी. खालच्याची पोलॅरिटी बहुतेक वेळा उलटी करावीच लागते, कारण काठी बसली की वरची स्किन वरच्या माइकपासून लांब जाते आणि खालची स्किन खालच्या माइककडे येते. ही तपासणी पहिल्या टेकच्या आधी करायची. मिक्सला बसल्यावर पोलॅरिटी उलटवता येते, माइक हलवता येत नाही.

छत खाली असेल तर ओव्हरहेडमध्ये सिंबल टोचतात, कारण छतावरून परतलेला आवाज लगेच त्याच माइकमध्ये शिरतो. माइकच्या वर जाड गोधडी ताणून बांधा आणि माइक थोडे खाली आणा. पण खरा उपाय ड्रमरच्या हातात आहे. सिंबलवर हलका हात, स्नेअर आणि किकवर भारी हात. वाजवण्यातला तोल बिघडलेला असेल तर दहा माइक लावूनही सुधारत नाही. चांगल्या ड्रमरची रेकॉर्डिंग एका माइकवरही तोलात वाटते.

लेव्हल: २४ बिटवर रेकॉर्ड करत असाल तर मीटर लालच्या जवळ न्यायची गरज नाही. सगळ्यात मोठा ठोका उणे दहा डेसिबलच्या आसपास राहू द्या. साउंडचेकच्या वेळी ड्रमर सभ्यपणे वाजवतो आणि शेवटच्या कोरसला सहा डेसिबलने वर जातो, तेवढी जागा हवीच.

प्रत्येक गाण्याचे तीन-चार सलग टेक घ्यायचे आणि त्यातला ज्याला झुलायला होतं तो मूळ धरायचा; बिनचूक असलेला नव्हे. चुकलेला बार दुसऱ्या टेकमधून आणायचा तर जोड ठोक्याच्या ऐन आधी घालायचा, आणि शक्यतो जिथे नवा क्रॅश येतोय तिथे, म्हणजे आधीच्या सिंबलचा झंकार तुटलेला कळत नाही. गाण्याच्या शेवटी कुणी हलायचं नाही. सिंबल पूर्ण विरायला दहा-बारा सेकंद लागतात आणि तेवढ्यात हमखास कुणीतरी काठ्या खाली ठेवतो. त्याच जागी दुसरा सापळा आहे. हेडफोनमधला क्लिक शेवटच्या शांततेत ओव्हरहेडमध्ये गळतो, टिक-टिक स्पष्ट ऐकू येते. शेवटच्या ठोक्यानंतर क्लिक आपोआप बंद होईल असं आधीच लावून ठेवा.

बेसचं काम लवकर आटोपतं. डीआय बॉक्समधून (बेस अँपशिवाय थेट रेकॉर्डिंगला जोडणारा डबा) एक कोरा ट्रॅक आणि अँपसमोरच्या माइकचा एक, दोन्ही एकाच वेळी. माइक अँपपासून मीटरभर लांब असेल तर तो ट्रॅक तीनेक मिलिसेकंद उशिरा येतो आणि तळ पातळ होतो. तो पुढे सरकवून डीआयशी जुळवा. प्रत्येक टेकआधी ट्यूनर. बेसिस्टला हेडफोनमध्ये किक मोठी द्या, गिटार लहान.

गिटारच्या तारा आदल्या दिवशी बदलून हाताने ओढून घ्यायच्या. बाराव्या फ्रेटवरचं हार्मोनिक आणि तिथेच दाबलेला सूर एकच येतोय का ते प्रत्येक तारेवर बघायचं. दाबलेला सूर चढा असेल तर ब्रिजवरचं सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे. हे न करता चार गिटार एकमेकींवर चढवल्या की कोरस कुठेतरी आंबट लागतो आणि दोष भलत्यालाच दिला जातो.

स्टेजवर असतो तेवढा गेन (आवाज किती फाटवायचा तो नॉब) रेकॉर्डिंगला नको. तोच भाग दोनदा वेगळा वाजवून डावीकडे-उजवीकडे ठेवला की डिस्टॉर्शनची बेरीज होते आणि गेन जास्त असेल तर ठोकाच हरवतो. नॉब एक-तृतीयांशाने मागे आणा. ऐकायला पातळ वाटेल. दुसरा ट्रॅक चढल्यावर अंग भरतं. एकच टेक कॉपी करून थोडा सरकवणं हा दुसऱ्या टेकला पर्याय नाही. मोनोत ऐकलं की त्याची पोकळी उघडी पडते.

माइक कुठे ठेवायचा हे अंदाजाने करू नका. ग्रिलच्या कापडातून टॉर्च मारली की स्पीकरच्या मधली टोपी दिसते. टोपीच्या मध्याला आवाज तीक्ष्ण, कडेकडे सरकत गेलं की मऊ. आम्ही टोपीची कड जिथे संपते तिथे, कापडापासून दोन-तीन सेंटिमीटरवर सुरुवात करतो, एकाला हेडफोन देतो आणि दुसरा माइक बोटभर-बोटभर सरकवतो. दोन सेंटिमीटरने जेवढा फरक पडतो तेवढा इक्वलायझरने पडत नाही.

व्हॉल्व्ह अँप असेल तर स्पीकर जोडल्याशिवाय तो वाजवायचा नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. कॅबिनेट आठ ओहमचं असेल तर अँपचं आउटपुटही आठचंच. घरघर येत असेल तर आधी गिटार घेऊन जागेवरच हळूहळू वळा. सिंगल कॉइल पिकअपला एखाद्या दिशेला घरघर बरीच कमी होते. डिमरवरचे दिवे बंद करा, पेडलचे पॉवर सप्लाय एकेक काढून बघा. घरघर जावी म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणारे लोक आहेत. ते कधीही करायचं नाही, त्यात जीव जाऊ शकतो.

गायन रेकॉर्ड करताना बफर, म्हणजे संगणक एका वेळी साठवून घेतो तेवढा आवाज, लहान ठेवा. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे पावणेतीन मिलिसेकंद, १०२४ चा म्हणजे एकवीस. एकवीसला गायकाला स्वतःचाच आवाज मागून येतो आणि लय घसरते. तोंड माइकपासून पंधरा-वीस सेंटिमीटर. जवळ गेलं की तळ फुगतो, 'प' आणि 'फ'चे फटके बसतात. सूर सतत चढा किंवा उतरा लागत असेल तर गायकाला दोष देण्याआधी हेडफोनचा आवाज कमी करा, एक कान मोकळा ठेवायला सांगा. बऱ्याचदा तेवढ्याने जमतं. चार-पाच पूर्ण टेक घेऊन ओळ-ओळ निवडायची, पण श्वासासकट. श्वास कापले की माणूस गातोय असं वाटत नाही.

या सगळ्यात सीन कुठे आहे? प्रत्येक ठिकाणी. आमच्या अल्बमवर वाजणारा स्नेअर एका बँडचा, बेसचा अँप दुसऱ्या बँडचा, दोन कंडेन्सर माइक तिसऱ्याच बँडच्या गिटारिस्टचे, आणि ड्रमची खोली ज्यांनी दिली ते स्वतः वाजवतही नाहीत. इंडी बँडचं हे असंच चालत आलंय. न्यूझीलंडमध्ये १९८१ साली फ्लाइंग नन हे लेबल सुरू झालं. तिथल्या डनीडन शहरातल्या बँडच्या सुरुवातीच्या रेकॉर्डिंगमधला मोठा वाटा संगीतकार क्रिस नॉक्स यांच्या चार ट्रॅकच्या टीअॅक मशीनचा होता. तिथल्या बँडचे आवाज एकमेकांच्या जवळचे वाटतात, त्यामागे समान आवडी आहेतच, पण समान यंत्र आणि समान खोल्याही आहेत. वॉशिंग्टन डीसीच्या डिस्कॉर्ड या लेबलने १९८० पासून आपल्याच शहरातल्या बँडवर भर ठेवला आणि त्यातून एका शहराच्या आवाजाची नोंद तयार झाली. उसनं घेतलेलं सामान परत करताना मात्र घेतलं होतं त्यापेक्षा बऱ्या स्थितीत जावं. स्नेअर नव्या स्किनसह, केबल नीट गुंडाळून. आणि देणाऱ्याचं नाव श्रेयनामावलीत.

मिक्सला बसताना आधी फेडर (आवाजाची पातळी) आणि पॅन (डावं-उजवं), प्लगइन नंतर. आम्ही दोन-तीन आवडते अल्बम संदर्भाला ठेवतो, पण त्यांचा आवाज आपल्या मिक्सएवढा खाली आणून. मास्टर झालेलं (शेवटचा हात फिरवून पक्कं केलेलं) गाणं मोठं असतं आणि मोठं ते चांगलं वाटतं. आवाजाच्या पातळीनुसार कानाला तळ आणि टोक कमी-जास्त ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं. म्हणून निर्णय एकाच मध्यम पातळीवर, समोरासमोर बोलता येईल इतक्या आवाजात घ्यायचे. अधूनमधून अगदी हळू करून ऐकायचं. तेव्हा गायन आणि स्नेअर दोन्ही कळत असतील तर तोल बरा आहे.

किक आणि बेस एकाच जागेसाठी भांडतात. किकला साठ हर्ट्झच्या आसपास जागा दिली तर बेसचा जोर ऐंशी ते शंभरकडे ठेवा, किंवा उलट. दोन्ही गिटारचा शंभरच्या खालचा भाग कापा. एकट्या ऐकल्या तर त्या भिकार वाटतील, बँडमध्ये बरोबर बसतात. ट्रॅक सोलो करून, म्हणजे एकटाच ऐकून, टोन सुंदर करत बसणं हा मिक्समधला सगळ्यात महागडा छंद आहे. शेवटी मोनो करून ऐका. फोनच्या स्पीकरवर, गाडीत, स्वस्त इअरफोनवर ऐका आणि टिपणं काढा. पण बदल परत त्याच खोलीत येऊन करा.

मास्टरिंगला फाइल देताना मास्टर बसवरचा (सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथला) लिमिटर, म्हणजे आवाजाला वरची हद्द घालणारा प्लगइन, काढायचा, २४ बिट डब्ल्यूएव्ही, मूळ सॅम्पल रेट तसाच. स्ट्रीमिंगसाठी ट्रू पीक (आवाजाचं खरं शिखर) उणे एक डेसिबलच्या वर नको, नाहीतर एमपीथ्री किंवा तशा दुसऱ्या प्रकारात बदलताना कडकडाट होतो. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला गाणी उणे चौदा एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आसपास आणतं, म्हणून गाणं त्याहून कितीही ठोकून मोठं केलं तरी ते खालीच आणलं जातं. ठोकण्यात गमावलेला जोर परत मिळत नाही. तरी रॉक अल्बम उणे चौदालाच असावा असा नियम नाही. उणे दहा-अकराला स्नेअर अजून उडत असेल तर तसाच ठेवा.

गाण्यांचा क्रम मिक्स होईपर्यंत ठरवू नये असं आमचं मत. सलग दोन गाणी एकाच स्केलमध्ये आणि जवळच्या लयीत आली की दुसरं पडतं. दोन गाण्यांमधली शांतता मोजून नव्हे, मान हलवून ठरवायची: आधीच्या गाण्याची लय मनात चालू ठेवली तर पुढचं कुठे यावंसं वाटतं? हळू गाणं शेजारच्या गाण्याएवढं मोठं करू नका. अल्बम सलग वाजवला तर स्पॉटिफायही गाण्यांमधला हा चढउतार राखतं. विनाइल काढणार असाल तर क्रमाला आणखी एक बंधन येतं. बारा इंची, ३३⅓ च्या तबकडीवर एका बाजूला अठरा ते बावीस मिनिटं धरायची. त्याहून जास्त भरलं की आवाज खाली आणावा लागतो. मध्याकडच्या खाचेत 'स' आणि सिंबल फाटतात, म्हणून प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं शांत असलेलं बरं.

मग कागदपत्रं, ज्याचा सगळ्यांना कंटाळा. प्रत्येक रेकॉर्डिंगला एक आयएसआरसी, म्हणजे ते ओळखण्याचा कोड, बारा अक्षर-अंकांचा. तेच गाणं अकूस्टिक किंवा नव्याने मिक्स करून काढलं तर त्याला वेगळा. अख्ख्या अल्बमला यूपीसी किंवा ईएएन हा बारकोडचा आकडा. वितरकांकडे (गाणी स्ट्रीमिंगवर पोचवणाऱ्यांकडे) हे बहुधा मिळतात, पण आयएसआरसी आपल्याकडे लिहून ठेवा. उद्या वितरक बदलला आणि नवे कोड पडले तर आधीच्या स्ट्रीमचे आकडे नव्या अपलोडशी जोडले जायची खात्री नसते. कव्हर ३००० गुणिले ३००० पिक्सेल, त्यावर वेबसाइटचा पत्ता किंवा किंमत नको, नाहीतर फाइल परत येते.

गाण्याचा हक्क आणि रेकॉर्डिंगचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी. गाण्यात कुणाचा किती वाटा हे एका कागदावर, बेरीज शंभर टक्के होईल असं लिहून सगळ्यांच्या सह्या, तेही अल्बम येण्याआधी. मैत्री आहे तोवर हा कागद दहा मिनिटांत होतो.

२०१५ च्या जुलैपासून जगभर नवं संगीत शुक्रवारी येतं, त्यामुळे तारीख बहुतेक शुक्रवारचीच पडते. वितरकाकडे फाइल चार-सहा आठवडे आधी द्या. स्पॉटिफायच्या संपादकांकडे एक गाणं पाठवता येतं. ते निदान सात दिवस आधी पाठवलं तर फॉलो करणाऱ्यांच्या रिलीज रडार या नव्या गाण्यांच्या यादीतही जातं. लहान सीनमधल्या बँडला खरी विक्री होते ती गिगच्या टेबलावर आणि बँडकॅम्प या विक्रीच्या संकेतस्थळावर. बँडकॅम्प डिजिटल विक्रीवर पंधरा टक्के आणि वस्तूंवर दहा टक्के कापतं, वर पैसे पाठवण्याचा खर्च.

लाँचच्या गिगला तीन बँड पुरे. चौथा घेतला की शेवटच्या बँडला, म्हणजे तुम्हालाच, वेळ उरत नाही. ड्रम किट, बेस अँप आणि गिटारची कॅबिनेट सगळ्यांत एकच; पण प्रत्येक ड्रमर स्वतःचा स्नेअर, सिंबल आणि किक पेडल आणेल हे आधी लेखी कळवा. साउंड बघणाऱ्याला आठवडाभर आधी एका पानात स्टेज प्लॉट आणि इनपुट यादी द्या: कोण कुठे उभा, कोणत्या चॅनलला काय, वीज कुठे हवी, मॉनिटरमध्ये (वाजवणाऱ्यांकडे वळवलेल्या स्पीकरमध्ये) कुणाला काय. साउंडचेक उलट्या क्रमाने होतो. शेवटी वाजवणारा बँड आधी, सुरुवात करणारा सगळ्यात नंतर, म्हणजे दारं उघडतात तेव्हा स्टेज पहिल्या बँडसाठी लागलेलं असतं.

छोट्या जागेत सगळ्यात मोठी अडचण गायकाचा आवाज ऐकू न येण्याची. ड्रम आणि अँप विनामाइक जेवढे मोठे असतात, त्याच्या वर हा आवाज न्यायचा म्हटलं की फीडबॅक (माइकची किंचाळी) येतो. अँप जमिनीवर पायाशी असतो आणि कान वर असतात, म्हणून गिटारिस्ट तो वाढवत जातो. अँप मागे कलता करून त्याच्या कानाकडे वळवा, तो स्वतःच कमी करेल. मॉनिटर माइकच्या प्रकारानुसार ठेवा. कार्डिऑइडला बरोबर पाठीमागे. सुपरकार्डिऑइडला पाठीमागे थोडं ऐकू येतं, त्याचा बहिरा कोन साधारण १२६ अंशांवर, म्हणून मॉनिटर तिरपा. गायकाने माइकची जाळी मुठीत धरली की हे सगळं गणित कोलमडतं.

कानांसाठी प्लग ठेवा, लोकांसाठीही टेबलावर ठेवा. ८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या जागेची मर्यादा अमेरिकेच्या एनआयओएसएच या कामगार-आरोग्य संस्थेने शिफारस केलेली आहे, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. छोट्या खोलीतला ड्रमर ती पहिल्या चार गाण्यांत ओलांडतो.

अल्बममधली सगळी गाणी वाजवायची, पण अल्बमच्या क्रमाने नाही. अर्ध्या सुराने उतरवलेल्या गिटारची गाणी सलग ठेवा म्हणजे मधे सूर लावत बसायला नको. बदलाला दोन बँडमध्ये पंधरा मिनिटं. वाजवून झालं की आधी सामान स्टेजवरून खाली, मग मिठ्या आणि फोटो. पेडलबोर्ड पॅक करत स्टेजवर बसून राहणाऱ्या बँडला पुढच्या वेळी कुणी बोलावत नाही. दाराच्या पैशांतून आधी साउंडवाल्याचे, मग खर्च, मग तिन्ही बँडचे ठरलेले वाटे, त्याच रात्री, तिघांसमोर मोजून.